नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याने विहिरी बिघडल्या: तक्रार नेमक्या कोणत्या कायद्याखाली करावी?

गिरणाकाठ (प्रश्न):

आमचे गाव जळगाव जिल्ह्यात, गिरणेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आहे. नाला वर्षातील सात-आठ महिने कोरडा असतो. गावाच्या वरच्या अंगाला एक प्रक्रिया उद्योग आहे, ज्याचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की त्याच रात्री कारखान्याच्या मागच्या बाजूने तपकिरी, उग्र वासाचे पाणी सोडले जाते. उन्हाळ्यातही अधूनमधून तेच पाणी कोरड्या पात्रातील वाळूत मुरताना दिसते. नाल्यालगतच्या तीन विहिरींचे पाणी या पावसाळ्यापासून पिवळट झाले असून मोटार सुरू केल्यावर हौदात फेस येतो. त्याच पाण्यावरील कांदेबागेतील (ऑक्टोबरच्या सुमाराच्या लागवडीतील) केळीची पाने कडेने करपत आहेत, आणि ग्रामपंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीरही नाल्यापासून फार लांब नाही.

आम्ही चार शेतकरी व्यवस्थापकांना भेटलो. त्यांनी दोन उत्तरे दिली: पहिले, आमच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे रीतसर संमतीपत्र आहे, दुसरे, तो नाला नसून कोरडी ओघळ आहे, त्यामुळे पाण्याचा कायदा तेथे लागू होत नाही. ग्रामपंचायतीत मतभेद आहेत, कारण गावातील पुष्कळ मुले त्याच कारखान्यात कामाला जातात.

कायद्यांची नावे शोधायला गेलो तर यादीच हाती आली: जल कायदा, पर्यावरण कायदा, हरित न्यायाधिकरण, फौजदारी कलमे. यांतील कोणता आमच्या उपयोगाचा आहे? संमतीपत्र असले म्हणजे विषय संपतो का? आणि बागेची भरपाई मागता येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझरा-वकील, धुळे:

आधी व्यवस्थापकांच्या दुसऱ्या उत्तराविषयी, कारण ते कायद्याच्या अगदी पहिल्या पानावरच खोटे ठरते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 याच्या कलम 2 मध्ये प्रवाहाची जी व्याख्या आहे, तीत नदी, वाहता किंवा त्या वेळेपुरता कोरडा असलेला जलमार्ग, अंतर्देशीय जलाशय आणि भूगर्भातील पाणी या सर्वांचा समावेश आहे. खान्देशातील निम्म्याहून अधिक नाले मार्चनंतर कोरडेच असतात. कोरडेपणा हा बचाव मानला असता तर हा कायदा आपल्याकडे पावसाळ्यापुरताच उरला असता. कलम 24 तर प्रवाहापुरते थांबतही नाही. विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडणे वा सोडू देणे, हे सर्व त्या कलमाखाली येते.

संमतीपत्राचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. कलम 25 खालील संमती ही सांडपाणी सोडण्याची मोकळीक नसते. ती किती पाणी, कोणत्या प्रक्रियेनंतर, कोठे आणि कोणत्या मर्यादेत सोडायचे याच्या अटींसह, ठरावीक मुदतीसाठी दिलेली असते. अटी मोडल्यास मंडळ संमती मागे घेऊ शकते, आणि कलम 33-अ खाली उद्योग बंद करण्याचे, त्याची वीज किंवा पाणी तोडण्याचे निर्देशही देऊ शकते. संमत्यांची नोंदवही हितसंबंधित व्यक्तीला पाहता आली पाहिजे, असे कलम 25 मध्येच लिहिलेले आहे. माहितीचा अधिकार 2005 साली आला, हा हक्क 1974 पासूनचा आहे. तेव्हा सर्वप्रथम ते संमतीपत्र मिळवा. माझा अनुभव असा की जो व्यवस्थापक संमतीपत्राचे नाव वारंवार घेतो, त्याने त्याचे शेवटचे पान क्वचितच वाचलेले असते.

आता कोणता कायदा, हा प्रश्न. कायद्यांच्या नावांची रास तक्रारीत ओतू नये. आपल्याला काय हवे आहे ते आधी ठरवावे, कारण प्रत्येक मागणीचे दार वेगळे आहे.

पाणी सोडणे थांबवणे हे हवे असेल, तर जल कायद्याखाली मंडळाकडे लेखी तक्रार करा. जळगावला मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय आहे आणि त्याच्या वर नाशिकचे प्रादेशिक कार्यालय. मंडळ हलले नाही तर कलम 49 खाली मंडळाला किमान 60 दिवसांची नोटीस देऊन कोणतीही व्यक्ती स्वतः न्यायालयात फिर्याद दाखल करू शकते. नोटिशीनंतर तुम्ही मागितलेले तपासणी अहवाल देणे मंडळावर बंधनकारक आहे. केवळ सार्वजनिक हिताला बाध येत असल्याचे कारण असेल तरच ते नाकारता येतात. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 याच्या कलम 19 मध्येही 60 दिवसांच्या नोटिशीची अशीच तरतूद आहे. हा दुसरा कायदा डिसेंबर 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर झाला आणि सांडपाण्याची सर्वसाधारण मानके त्याच्याच नियमांत आहेत: भूपृष्ठावरील जलस्रोतात सोडायच्या पाण्यासाठी बीओडी (जिवाणूंना पाण्यातील घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) प्रतिलिटर 30 मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) 250, सामू (आम्लता-अल्कता) 5.5 ते 9. उद्योगानुसार वेगळी मानके असू शकतात, म्हणून आपल्या प्रकरणात संमतीपत्रातील आकडे धरावेत.

पिण्याच्या विहिरीला आजच धोका असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 झाले आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे प्रांतच, त्याखाली काढू शकतात. या कलमाचा सर्वांत गाजलेला निकाल आपल्या शेजारचाच आहे. रतलाममधील एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले, नगरपालिकेने पैसे नसल्याचे सांगितले, आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सबब फेटाळून लावली. प्रांत कार्यालयात अर्ज देताना या निकालाची प्रत जोडावी, कारण तेथील लिपिक हमखास म्हणतो की हे काम प्रदूषण मंडळाचे आहे.

भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 याचे कलम 15. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नुकसानीची जी शीर्षके दिली आहेत, त्यांत पिके, भाजीपाला, झाडे आणि बागा यांचे नुकसान स्पष्टपणे येते. भरपाई न मागता केलेल्या अर्जाला 1000 रुपये शुल्क लागते. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेचा एक टक्का, मात्र किमान 1000 रुपये. वकील नेमणे सक्तीचे नाही, पक्षकार स्वतः उभा राहू शकतो.

भूजल-निवृत्त, अमळनेर:

वकील साहेबांनी दारे दाखवली. त्या दारांतून जाताना हातात काय असावे याविषयी मी लिहितो, कारण माझी सारी नोकरी पाण्याचे नमुने घेण्यात आणि तपासण्यात गेली.

पिवळट रंग आणि फेस यांवरून कारखाना दोषी आहे असे सिद्ध होत नाही. केळीच्या पट्ट्यात ठिबकमधून वर्षभर युरिया आणि पोटॅश जातो, विहिरीलगत गोठे आणि शोषखड्डे असतात. त्यामुळे नायट्रेट वाढलेले पाणी कारखान्याशिवायही सापडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर 45 मिलिग्रॅम आहे, आणि ती आपल्याकडील अनेक विहिरी कोणाच्याही मदतीशिवाय ओलांडतात. समोरच्या बाजूचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील. म्हणून केवळ नायट्रेट आणि क्षार तपासून थांबू नका. सीओडी, क्लोराईड, सल्फेट, सोडियम आणि त्या कारखान्यात जो कच्चा माल वापरला जातो त्याच्याशी जोडलेले घटक तपासायला सांगा. सीओडी युरियाने वाढत नाही. पानांच्या कडा करपणे हे क्षारांच्या, विशेषतः क्लोराईड-सोडियमच्या जादा प्रमाणाशी जुळते, पण पोटॅशची कमतरताही जवळपास तशीच दिसते. म्हणून पानांसोबत मातीचा नमुनाही द्या.

नमुना कोठून घ्यावा हे तो कसा घ्यावा यापेक्षा मोठे आहे. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक विहीर, नाल्यालगतच्या बिघडलेल्या तीन, आणि नाल्यापासून दूर पण त्याच थरातील एक, अशा पाचही विहिरींचे नमुने एकाच दिवशी घ्या. वरची विहीर चांगली आणि खालच्या बिघडलेल्या असे चित्र आले तर कागद स्वतःच बोलतो. मोटार आधी थोडा वेळ चालवून साठलेले पाणी काढून टाका, दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असावी लागते. ती प्रयोगशाळेतूनच घ्या, घरची उकळलेली बाटली नेऊ नका, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. कॅनवर गट क्रमांक, तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेली चिठ्ठी चिकटवा. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा यांच्याकडे पिण्याच्या पाण्याची तपासणी होते. सीओडीसारख्या घटकांसाठी पर्यावरण कायद्याखाली मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधावी लागेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. कारखान्याच्या नळातून तुम्ही स्वतः भरून आणलेला नमुना जल कायद्याच्या खटल्यात पुरावा म्हणून टिकणार नाही. कलम 21 नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, भोगवटादाराच्या (कारखाना चालवणाऱ्याच्या) समक्ष नमुना दोन भागांत विभागून, सीलबंद करून, सह्या घेऊन पाठवावा लागतो, आणि यात कसूर झाली तर अहवालच बाद होतो. पाणी रात्री सोडले जाते आणि अधिकारी दुपारी अकरानंतर येतो, ही सगळी अडचण तेथेच आहे. त्यावर उपाय म्हणजे नाल्याच्या तळाचा गाळ. पाणी वाहून जाते, गाळात त्याची खूण राहते. तेव्हा तपासणीच्या वेळी गाळाचाही नमुना घ्यावा अशी लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या.

लघुउद्योजक, जळगाव:

मी उद्योगाच्या बाजूचा माणूस आहे, तरी अशा सांडपाण्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र मूळ प्रश्नकर्त्यांनी थेट न्यायाधिकरणात जाण्याची घाई करू नये असे मला वाटते. कारखाना बंद झाला तर पहिला फटका गावातल्याच मुलांना बसतो. मालक दुसरीकडे युनिट टाकतो. आधी मंडळाचे अधिकारी, ग्रामपंचायत आणि शेतकरी यांची संयुक्त पाहणी मागा.

त्या पाहणीत काय बघावे, ते आतला माणूस म्हणून सांगतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला वेगळा वीजमीटर असतो किंवा असावा. त्याचे मासिक युनिट मागा. टाकीत पाणी निळेशार दिसते, पंप चकाचक असतो, आणि मीटर मात्र महिनाभरात हललेला नसतो, असे प्रकार होतात. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) दिवसरात्र चालवायचा तर त्याचे बिल चांगलेच येते आणि बचत नेमकी तेथेच केली जाते. दुसरे म्हणजे पाण्याचा मीटर. आत आलेले पाणी आणि प्रक्रिया करून बाहेर गेलेले किंवा पुन्हा वापरलेले पाणी यांचा मेळ बसला पाहिजे. तिसरे, संमती लागणाऱ्या उद्योगांना दरवर्षी 30 सप्टेंबरपूर्वी मंडळाला पर्यावरण विवरण द्यावे लागते. त्यात कच्चा माल, पाणीवापर आणि बाहेर टाकलेल्या प्रदूषकांचे आकडे मालकाच्याच सहीने असतात. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागील काही वर्षांची विवरणे मागवून एकमेकांशेजारी ठेवा.

पांझरा-वकील, धुळे:

उद्योजक बंधूंची वीजमीटरची सूचना लाखमोलाची आहे. संयुक्त पाहणीला माझाही विरोध नाही. परंतु ती घोषित तारखेला होते, आणि घोषित तारखेला ब्लोअर चालू असतो. पाहणी मागा, पण तिच्या भरवशावर मुदत घालवू नका.

रोजगाराच्या मुद्द्यावर थोडे स्पष्ट लिहितो. न्यायाधिकरण प्रत्येक प्रकरणात टाळेच लावते हा समज बरोबर नाही. संयुक्त समिती नेमून अहवाल मागवणे, प्रक्रिया केंद्र सुधारण्यासाठी मुदत देणे, पर्यावरणीय भरपाई बसवणे, असे आदेशच अधिक दिसतात. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात देशाच्या कायद्याचा भाग मानले, आणि 2010 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये ते शब्दशः आले आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही बजावले की चालू स्थितीतील प्रक्रिया केंद्र नसेल तर संमतीची गरज असलेला उद्योग चालवता येणार नाही.

शिक्षेविषयी एक बदल माहीत असावा, कारण जुन्या पुस्तकांवरून तक्रारी लिहिल्या जातात. जनविश्वास कायदा, 2023 याने पर्यावरण कायद्याच्या कलम 15 मधील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला, आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. हा बदल 1 एप्रिल 2024 पासून अमलात आहे. मोठ्या कारखान्याला 15 लाख म्हणजे प्रक्रिया केंद्र न चालवता वाचवलेल्या पैशांचा एक हिस्सा, त्यामुळे हा बदल मला व्यक्तिशः पटलेला नाही. जल कायद्यात 2024 च्या दुरुस्तीने असाच बदल झाला, पण तो कायदा संविधानाच्या अनुच्छेद 252 खालील, म्हणजे राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केलेला, असल्याने दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली आणि इतर राज्यांत विधिमंडळाच्या ठरावानेच लागू होते. फिर्याद लिहिण्याच्या दिवशी महाराष्ट्रापुरती स्थिती तपासूनच कलम घाला.

आरोग्यसेविका, नंदुरबार:

वरील चर्चेत पिण्याच्या विहिरीचा विषय थोडा मागे पडला आहे, म्हणून लिहिते. तपासणीचा अहवाल येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी बंद करून पर्यायी सोय करण्याची मागणी ग्रामपंचायत आणि गटविकास अधिकारी यांच्याकडे आजच द्या. गावातील जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून समाधानी होतात, परंतु टीसीएलने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. पाणी उकळल्यानेही क्षार आणि नायट्रेट कमी होत नाहीत. पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते. बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळाच्या दुधात असे पाणी मिसळू नये, कारण जास्त नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते.

आजाराचा पुरावा दवाखान्याच्या नोंदवहीत असतो, तोंडी सांगण्यात नसतो. खाज, पुरळ किंवा पोटाचा त्रास असलेल्यांनी खासगी दुकानातून मलम आणण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढावा आणि कोणत्या विहिरीचे पाणी वापरतो ते त्यावर लिहून घ्यावे. आशाताईंना सांगून नाल्याकाठच्या आणि दूरच्या घरांची वेगवेगळी यादी करून घेतली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना तालुक्याला कळवणे सोपे जाते. खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याच्या कलम 12 प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आमच्याकडील पाड्यांवर हे कोणाला ठाऊक नसते. ज्या घरातील शेती बाईच्या नावावर आहे, त्या घराने अर्ज तिच्याच नावाने करावा.

गिरणाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संमतीपत्राची मागणी आणि प्रांताधिकाऱ्यांकडील अर्ज असे दोन्ही आम्ही तयार करीत आहोत. एक शंका उरली आहे. नाल्यात वास येणे दोन वर्षांपासून चालू आहे, विहिरी मात्र याच पावसाळ्यात बिघडल्या. न्यायाधिकरणाची मुदत सहा महिन्यांची असते असे एकाने सांगितले. मग आमची मुदत संपली असे धरायचे का?

पांझरा-वकील, धुळे:

नाही. सहा महिन्यांची मुदत कलम 14 खालील वादासाठी आहे. वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून ती मोजतात, आणि पुरेसे कारण दाखवल्यास त्यापुढे फार तर 60 दिवस मिळतात. कलम 15 खालील भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीला मात्र पाच वर्षांची मुदत आहे, आणि तिलाही वरचे 60 दिवस आहेत. त्यामुळे तुमची भरपाईची मागणी सुरक्षित आहे. तरीही विहिरी बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करण्याचा प्रयत्न करा, म्हणजे दोन्ही मागण्या एकत्र करता येतील. दोन वर्षांपूर्वीच्या वासाचा उल्लेख अर्जात पार्श्वभूमी म्हणून करावा. वादाचे कारण म्हणून विहिरीचे पाणी बदलल्याचे प्रथम लक्षात आले तो दिवस आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची तारीख लिहावी.

आणखी एक. बिघडलेल्या तिन्ही विहिरींवरील शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर यंदाच्या ई-पीक पाहणीत केळीची नोंद झाली आहे का, ते आज उघडून पाहा. नोंद नसेल तर मुदतीत करून घ्या, आणि तलाठी व कृषी सहायक यांच्याकडून करपलेल्या बागेचा पंचनामा घड निसवण्याआधी करून घ्या; बाग कापल्यानंतर नुकसानीचा आकडा सिद्ध करणे फार जड जाते.